कच्च्या मालाचे गिऱ्हाईक

कोणतेही सॉफ्टवेअर पुरते तयार झाल्यावर बाजारात येत नाही. तयार होण्याची वाट पाहिली तर कंपनी बुडते आणि न पाहता काढले तर गिऱ्हाईक बुडते, म्हणून धंद्याने मधली वाट शोधली आहे: माल कच्चा असतानाच काही लोकांच्या हाती द्यायचा आणि काय काय मोडते ते त्यांच्याकडूनच ऐकायचे. या मालाच्या तीन पायऱ्या मानतात. अल्फा म्हणजे ज्याचा करणाऱ्यालाही भरवसा नाही असा माल. बीटाचा करणाऱ्याला भरवसा असतो, पण कागदावर सही करायला तो तयार नसतो. तिसरी आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट. ही उमेदवारी असते, आणि निकाल लागेपर्यंत उमेदवार किती नम्र असतो हे मतदारांना सांगायला नको.

हा माल कोणाची सक्ती नसताना, कवडी मिळत नसताना आणि बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचे काम असताना स्वतःच्या संगणकावर चढवणाऱ्यांमध्ये लिनक्सप्रेमी सर्वांच्या पुढे असतो. सॉफ्टवेअर कंपन्यांबद्दल त्याचे मत ठाम असते: कंपन्या आधी गिऱ्हाइकाकडून पैसे घेतात आणि मग माल त्याच्याकडूनच तपासून घेतात, ही शुद्ध लूट आहे. हे मत तो ज्या लॅपटॉपवरून मांडतो त्यावर त्या क्षणी एखाद्या डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या एखाद्या अवताराची, बीटा चालू असते आणि तिच्या कृपेने स्पीकर गेल्या मंगळवारपासून मुका असतो.

त्याच्या आरोपात तथ्य नाही असे मात्र नाही. १३ सप्टेंबर २००० रोजी अ‍ॅपलने मॅक ओएस टेनची सार्वजनिक बीटा काढली आणि तिला २९.९५ डॉलर किंमत लावली. विकतचे श्राद्ध म्हणतात ते हेच. वर त्या श्राद्धाला मुदतही होती. १५ मे २००१ नंतर ती बीटा चालणार नव्हती. गंमत अशी की पैसे मोजणाऱ्यांचे ऐकले मात्र गेले. त्या बीटात मेनूच्या पट्टीच्या ऐन मध्यभागी सफरचंद बसवले होते. त्यावर कितीही क्लिक केले तरी काही घडत नसे. ते निव्वळ शोभेचे होते. लोकांनी इतका ओरडा केला की मार्च २००१ मध्ये पक्की आवृत्ती आली तेव्हा सफरचंद मुकाट्याने डाव्या कोपऱ्यात, आपल्या जुन्या जागी जाऊन बसले होते आणि त्याला मेनूही फुटला होता. तीस डॉलरमध्ये एक फळ सरकले. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही हा दर महाग वाटणार नाही.

गूगलची तऱ्हा वेगळी. जीमेल आले १ एप्रिल २००४ ला. एक जीबी जागा फुकट म्हटल्यावर तारीख पाहून अनेकांनी ती थट्टाच समजली. थट्टा नव्हती, पण नावापुढची बीटाची पाटी उतरायला ७ जुलै २००९ उजाडावा लागला. मधल्या पाच वर्षांत लोकांच्या नोकऱ्या, लग्ने आणि कर्जप्रकरणे याच कच्च्या मालावरून पार पडली. पाटीचा उपयोग एवढाच की काही बिघडले तर बोट दाखवायला ती जागेवर असे. ती काढल्यावर ज्यांना चुकल्याचुकल्यासारखे होईल त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक सोय ठेवली होती. ती चालू केली की नावापुढे बीटा पुन्हा झळकत असे. आपल्याच सबबीची एवढी मनमोकळी चेष्टा कंपन्या सहसा करत नाहीत.

लिनक्सप्रेमीचे खरे लक्ष्य मात्र मायक्रोसॉफ्ट. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. नवे यंत्र नुसते जोडले की संगणक त्याला आपोआप ओळखतो, हे दाखवण्यासाठी शेजारी स्क्रीनभर आशा पसरलेली असताना स्कॅनरची वायर खोचली गेली. संगणकाने स्कॅनर ओळखला की नाही ते कळले नाही, पण पडदा निळा झाला. व्यासपीठावर उभ्या असलेल्या बिल गेट्स यांनी, म्हणूनच तर हे अजून विक्रीला काढलेले नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. न्यायाने पाहता गेट्स यांचे बरोबर होते. बाजारात न आलेला माल फुटला तर बोलायला जागा नाही. पण ही चित्रफीत लिनक्सप्रेमींनी ज्या भक्तिभावाने जपली आहे, तितके स्वतःच्या लग्नाचे व्हिडिओही त्यांनी जपलेले आढळत नाहीत.

यापेक्षा भारी पुरावा वीस वर्षांनी मिळाला. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये इन्सायडर नावाची योजना सुरू केली होती, ज्यात हौशी लोक विंडोजच्या कच्च्या आवृत्त्या वापरून तक्रारी कळवतात. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे मोठे अपडेट बाहेर पडले आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली नाहीशा झाल्या. चार दिवसांत अपडेट मागे घ्यावे लागले; ते परत सुटले नोव्हेंबरात. लिनक्सप्रेमीला आनंद झाला तो याचा नव्हे, पुढच्या तपशिलाचा. हौशी परीक्षकांपैकी काहींनी हीच तक्रार आधी नोंदवली होती, पण तक्रारींची क्रमवारी इतर किती जणांनी तिला दुजोरा दिला यावर होत असल्याने ती ढिगाच्या तळाशी राहिली होती. फाइली पुसून टाकणारा बग मते कमी पडल्याने हरला. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे हे सांगण्याची सोय फॉर्ममध्ये आली.

क्राउडस्ट्राइकचे प्रकरण यापुढचे. १९ जुलै २०२४ रोजी त्या सुरक्षा कंपनीची एक छोटी फाइल जगभरच्या ग्राहकांना टप्प्याटप्प्याने न जाता एकाच वेळी गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. बीटा नाही, आरसी नाही, थेट मुखी पडली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. आपल्या लॅपटॉपला काहीही झालेले नाही हे लिनक्सप्रेमीने भेटेल त्याला सांगितले. तो स्वतः त्याच रांगेत उभा होता ही गोष्ट वेगळी.

आता त्याच्या स्वतःच्या गोटाकडे वळायला हरकत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कामाची जी पहिली वार्ता दिली, तीत हा केवळ छंद आहे आणि यातून काही मोठे उभे राहायचे नाही असे स्वच्छ म्हटले होते. सप्टेंबरात जी आवृत्ती आली तिचा क्रमांक ०.०१. शून्याच्या इतके जवळचे काही विकायला काढायची कोणत्याही कंपनीची छाती झाली नसती. लिनक्सप्रेमीच्या बाजूने बोलायचे तर ते इथेच बोलावे लागते. कच्चा माल दोघांकडेही असतो, पण एका दुकानात कच्चा माल कच्चा म्हणून मांडलेला असतो आणि ज्याला सांगायचे तो माणूस गल्ल्यावर बसलेला असतो. दुसऱ्या दुकानात गल्ल्यावर फक्त बिल फाडणारा असतो.

तरीही माणसाचा स्वभाव दोन्ही दुकानांत एकच. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, क्रमांकांना पूर्वी एक शिस्त होती: दुसरा आकडा विषम असेल तर आवृत्ती प्रयोगाची, सम असेल तर रोजच्या वापराची. २.३ वर प्रयोग, २.४ वर संसार. योजना कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात विषम आकडा दिसला की लोक चार हात दूर राहत आणि सम आकडा लागला की सगळे एकदम तुटून पडत. त्यामुळे खरी चाचणी सुरू होई ती आवृत्ती पक्की म्हणून जाहीर झाल्यावरच. लोक वापरत नाहीत तोवर ती पक्की होत नाही आणि पक्की होत नाही तोवर लोक वापरत नाहीत, असा हा तिढा. विंडोजवाले पहिला सर्व्हिस पॅक येईपर्यंत थांबत तेही याच कारणाने. २.६ नंतर ही रीत सोडून दिली. आता दोन आठवडे नवे काम आत घेतात, मग बहुतेक दर रविवारी एक आरसी निघते, आणि सातवी किंवा आठवी आरसी बरी वाटली की पुढच्या रविवारी कर्नल पक्का. नऊ-दहा आठवड्यांची ही फेरी वर्षानुवर्षे चालू आहे आणि तिची नियमितता एसटीच्या वेळापत्रकालाही लाजवील.

आकड्यांचेही आता अवडंबर राहिलेले नाही. ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.० आणि ५.१९ नंतर ६.० आला, त्यामागे कोणतीही क्रांती नव्हती. हातापायांची बोटे संपली की आपला हिशेब चुकतो, असे कारण टोरवाल्ड्स यांनी थट्टेने दिले आहे. कंपन्यांमध्ये असा आकडा बदलायचा तर जाहिरातीचे एक अख्खे खाते कामाला लागते.

कर्नलभोवती बाकीचे सॉफ्टवेअर बांधून देणाऱ्या डिस्ट्रोंचे स्वभाव निरनिराळे. डेबियन वेळापत्रकाला बांधलेली नाही. तयार होईल तेव्हा होईल, हा तिचा बाणा. ३.० आली जुलै २००२ मध्ये आणि ३.१ जून २००५ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी नवा संगणक घेतला त्यांना त्यावर डेबियन चढवण्यासाठी जुना शोधावा लागला, असे विरोधक म्हणत. तिच्या आवृत्त्यांची नावे टॉय स्टोरी या चित्रपटातल्या खेळण्यांवरून ठेवतात. सतत कच्ची असलेली जी शाखा आहे तिचे नाव मात्र कधी बदलत नाही. ती सिड, म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. धोक्याची सूचना इतक्या प्रामाणिकपणे कोणत्याही औषधाच्या बाटलीवर लिहिलेली नसते. तरी सिड वापरणारे हजारो आहेत, आणि आपला संगणक मोडला की ते चकित होतात.

उबुंटू घड्याळावर चालते. ऑक्टोबर २००४ पासून दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबर ठरलेले. वर्ष आणि महिना मिळूनच क्रमांक बनतो, त्यामुळे उशीर लपवायची सोय नाही. २००६ मध्ये एप्रिलचा जून झाला तेव्हा ६.०४ ला निमूटपणे ६.०६ व्हावे लागले. फेडोराचे याहून वेगळे. तिथे काय बिघडलेले चालेल आणि काय चालणार नाही याच्या लेखी कसोट्या आहेत, आणि शेवटी जायचे की थांबायचे हे ठरवायला बैठक बसते. अठरावी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये यायची होती. इन्स्टॉलर नव्याने लिहिला होता, तो काही केल्या वळणावर येईना, आणि आठवड्यामागून आठवडा पुढे ढकलत ती १५ जानेवारी २०१३ ला आली. मुहूर्त दोन महिने टळला तरी कोणी कोणाचे तोंड पाहणे सोडले नाही, हे या मंडळींच्या बाजूने नोंदवायला हवे.

भारतात हा छंद बेताच्या साधनांवर वाढला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत लिनक्सची सीडी येत असे, आणि तीच गावभर फिरे. टेलिफोनच्या तारेवरून ती सीडी उतरवायची तर ५६ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी दिवसाहून अधिक वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ घरातला फोन अडवून ठेवणारा मुलगा घरात राहिला नसता. शिवाय त्या काळचे स्वस्त मोडेम निम्मे काम विंडोजवर सोपवत. लिनक्सवर ते चालवायला ड्रायव्हर लागे, ड्रायव्हर इंटरनेटवर असे, आणि इंटरनेटला मोडेम लागे. पुढे २००५ पासून उबुंटूने टपालखर्चासकट फुकट सीडी घरपोच पाठवायला सुरुवात केली आणि २०११ पर्यंत ते चालू ठेवले. एक सीडी पुरली असती तिथे दहा मागवणारे अनेक होते. उरलेल्या नऊ नातेवाइकांमध्ये वाटल्या गेल्या, त्याचे परिणाम पुढे येतील.

चाचणीची प्रत्यक्ष रीत जवळून पाहण्यासारखी असते. बीटा जाहीर झाली की आयएसओ फाइल उतरवली जाते. तिचा चेकसम लिनक्सप्रेमी अक्षर-अक्षर जुळवून पाहतो. या कामात त्याची निष्ठा वादातीत आहे. बॅकअप मात्र पुढच्या वेळी घ्यायचे ठरते. मग डीडी या आदेशाने ती फाइल पेनड्राइव्हवर लिहायची. कुठे लिहायचे ते एका अक्षराने सांगावे लागते: एसडीए की एसडीबी. एसडीए ही अनेकदा संगणकाची स्वतःची डिस्क असते आणि एसडीबी पेनड्राइव्ह. डीडी शंका विचारत नाही, खात्री करून घेत नाही, सांगितले ते करतो. सुरू होण्याआधीच आटोपलेल्या कित्येक चाचण्यांचे मूळ या एका अक्षरात सापडते.

इथून सुखरूप पार पडला तर तो नवी आवृत्ती चढवतो आणि सर्वप्रथम वॉलपेपर पाहतो. मग फास्टफेच चालवून आवृत्तीचा आकडा पडद्यावर दिसेल असा स्क्रीनशॉट काढतो आणि मित्रांना पाठवतो. बीटा तपासणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची चाचणी इथे संपते. उरलेल्यांना दोन दिवसांनी कळते की झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप उघडल्यावर जागा होत नाही. तेव्हा ते बग नोंदवतात. पहिल्या नोंदीत एकच वाक्य असते: सस्पेंड चालत नाही. आठवड्याभराने उत्तर येते. कर्नल कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, आधीच्या बूटचा जर्नल कुठे आहे, मागच्या आवृत्तीत चालत होते का? नोंदीवर नीडइन्फो, म्हणजे माहिती हवी, असा शिक्का बसतो. ज्या माणसाने कंपन्या आपले ऐकत नाहीत म्हणून जन्मभर आरडाओरडा केला, त्याला कोणीतरी ऐकायला बसले आहे हे कळताच तो गप्प होतो, असा अनुभव देखभाल करणाऱ्यांना वारंवार येतो.

जो गप्प होत नाही त्याला बायसेक्ट करायला सांगतात. शेवटची चालणारी आणि पहिली न चालणारी, अशा दोन आवृत्त्यांच्या मधला बदल घ्यायचा, त्यावरचा कर्नल बांधायचा, लॅपटॉप झोपवून उठवून पाहायचा, आणि उरलेल्या निम्म्यात पुन्हा तेच. कर्नलच्या एका फेरीत साधारण तेरा-चौदा हजार बदल आत जातात, म्हणजे चौदा वेळा निम्मे केले की गुन्हेगार हाती लागतो. साध्या लॅपटॉपवर कर्नल बांधायला तास-दीड तास धरला तर शनिवार-रविवार गेला. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ही म्हण ज्याने केली त्याने संगणक पाहिला नव्हता, पण माणूस ओळखला होता. एवढे करून जो बदल सापडतो तो बहुधा एका ओळीचा असतो. लिहिणारा आभार मानतो, ती ओळ दुरुस्त होते, आणि शोधणाऱ्याचे नाव त्या दुरुस्तीखाली कायमचे लागते. तो ते नाव पुढली अनेक वर्षे लोकांना दाखवतो. पगारी परीक्षकाला हे सुख नाही.

छंदात जोखीमही आहे. फाइली गेल्या तर परत लिहिता येतात. यंत्रच गेले तर काय? सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ कर्नलच्या आरसी वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डे मेली. कार्डावरच्या चिपमध्ये त्याची स्वतःची जी माहिती असते, तीच पुसली जात होती. उबुंटू, फेडोरा, सुसे अशा अनेकांच्या कच्च्या आवृत्त्यांत हा कर्नल होता. सगळ्यांनी कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय घेतला, आणि तो बिचारा निर्दोष निघाला. कर्नलच्या अंतर्गत हालचाली टिपणारी एफट्रेस नावाची सोय रिकाम्या झालेल्या मेमरीत लिहीत होती, आणि त्या जागी आता कार्डाची चिप येऊन बसली होती. चोर पहारेकरीच होता. त्याआधी २००३ मध्ये मँड्रेक ९.२ या डिस्ट्रोने एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह बंद पाडले होते, आणि ती तर बीटाही नव्हती. मँड्रेक ड्राइव्हला कॅशे रिकामा करण्याचा आदेश देई. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला या आदेशाचा काय उपयोग, म्हणून ड्राइव्ह करणाऱ्यांनी तो फर्मवेअर बदलण्यासाठी वापरून टाकला होता. दोन्ही पक्षांनी परस्परांकडे बोट दाखवले आणि दोघांचेही बोट बरोबर होते.

५.१२ ची पहिली आरसी या बाबतीत आदर्श म्हणावी लागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओरेगॉनच्या बर्फवृष्टीत टोरवाल्ड्स यांच्या घरची वीज सहा दिवस गेली होती. लोडशेडिंग पाहिलेल्या वाचकाला त्यात बातमी दिसणार नाही, पण त्या फेरीची सुरुवातच अशी झाली. मग आरसी निघाली, आणि कळले की मेमरी कमी पडल्यावर जो मजकूर स्वॅप फाइलमध्ये जायचा तो डिस्कवर भलत्याच जागी, म्हणजे इतर फाइलींच्या उरावर लिहिला जातो. ज्यांचा स्वॅप वेगळ्या पार्टिशनवर होता ते वाचले. टोरवाल्ड्स यांनी सारवासारव केली नाही. त्या आरसीच्या नावालाच शेपूट जोडले: डोन्ट यूज. वापरू नये असे नावातच लिहिलेला माल कंपनीच्या गोदामात दाखवून द्यावा.

या पद्धतीच्या समर्थनार्थ डोळ्यांचा सिद्धान्त मांडतात. प्रोग्रॅमर एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये तो मांडला आणि त्याला टोरवाल्ड्स यांचे नाव दिले: पाहणारे पुरेसे असतील तर कोणताही बग फार काळ लपत नाही. सिद्धान्त उत्तम आहे, फक्त तो पाहणारे पाहत आहेत असे गृहीत धरतो. ओपनएसएसएलमधले हार्टब्लीड नावाचे भगदाड मार्च २०१२ मध्ये बाहेर पडले आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाले. निम्म्या जगाचे पासवर्ड ज्यावर विसंबून होते तो कोड सर्वांसाठी उघडा होता, आणि प्रत्येकाला वाटत होते की दुसरा कोणीतरी वाचत असेल.

याउलट कच्ची आवृत्ती वापरणाऱ्यांचा सर्वांत मोठा विजय २९ मार्च २०२४ ला जाहीर झाला. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या एका दुर्लक्षित प्रकल्पात जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मन लावून काम केले, विश्वास कमावला आणि मग ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो सिडमध्ये आणि फेडोराच्या कच्च्या शाखेत पोचला. पक्क्या आवृत्त्यांत शिरायला थोडाच अवधी होता. आंद्रेस फ्रॉइंड हे सिडवर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मोजण्या घेत होते. दुसऱ्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे त्यांना दिसले. सरकारी पोर्टलवर ओटीपीची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने अर्ध्या सेकंदाकडे पाहिलेही नसते. त्यांनी पाहिले, खणत गेले, आणि जगभरातले सर्व्हर वाचले. लिनक्सप्रेमी ही कथा रंगवून सांगतो. फ्रॉइंड यांना पगार मायक्रोसॉफ्टकडून मिळत होता, हे सांगताना मात्र त्याचा आवाज थोडा खाली येतो.

काही बग असे असतात की ते शोधायला विशिष्ट माणूसच लागतो. लग्नघरी आचाऱ्यांना बोलवा असे लिहिले आणि पडद्यावर आचार्यांना बोलवा असे उमटले, तर कॅलिफोर्नियातल्या परीक्षकाला दोन्ही सारखेच सुबक दिसतात. स्वयंपाकाऐवजी प्रवचन होणार हे मराठी माणसालाच कळते. लिनक्सवर देवनागरी पूर्वी अशीच ठेचकाळत चाले. ऱ्य नीट उमटणे, वेलांटी योग्य अक्षराच्या डावीकडे पडणे, मात्रेखाली रिकामे वर्तुळ न दिसणे, अशा एकेका गोष्टीसाठी नोंदी झाल्या, चित्रे जोडली गेली. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीत लोहित फाँटवर वर्षानुवर्षे काम झाले. आज फोनवर मराठी सरळ दिसते त्यात या किरकिऱ्या मंडळींचा हात आहे, आणि त्यांना कोणी ओळखत नाही.

राहिले ते नातेवाईक. लिनक्सप्रेमीचे कंपन्यांविषयीचे सगळे तत्त्वज्ञान एका ठिकाणी कोसळते, ते म्हणजे काकांचा संगणक. व्हायरसला कायमचा रामराम, असे सांगून तो त्यावर लिनक्स चढवतो. पक्की आवृत्ती जुनाट वाटते म्हणून बीटाच. काकांना बीटा म्हणजे काय ते सांगितले जात नाही. जुलैच्या अखेरीस, आयकराच्या विवरणपत्राची मुदत दोन दिवसांवर आली असताना फोन येतो: "अरे, तुझ्या त्या पेंग्विनने प्रिंटर खाल्ला रे." काकांना लॉग काढून पाठवायला सांगितले जाते. काका शेजारच्या सायबर कॅफेत जातात. न विचारता परीक्षक बनवलेला माणूस तक्रार कळवत नाही, दुकान बदलतो, हे मोठ्या कंपन्यांना ठाऊक आहे. पुतण्यांना ते कळायला वेळ लागतो.

नोंदवलेल्या सर्वच बगांना न्याय मिळतो असेही नाही. फेडोराची एक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. मुदत संपली की तिच्यावर उघड्या राहिलेल्या नोंदींना एक यंत्र सभ्य पत्र पाठवते आणि त्या बंद करते: त्रास नव्या आवृत्तीत असेल तर कृपया नव्याने कळवावे. उबुंटूच्या यादीतला पहिल्या क्रमांकाचा बग त्या मानाने भाग्यवान. तो २००४ मध्ये संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी स्वतः नोंदवला होता, आणि त्यात दोष कोडचा नव्हता: बाजाराचा मोठा हिस्सा मायक्रोसॉफ्टकडे आहे, एवढीच तक्रार होती. २०१३ मध्ये त्यांनीच तो बंद केला. बाजार तोवर फोनवर गेला होता, आणि बग दुरुस्त झाला की ग्राहकच दुसरीकडे गेले, यावर आजही दोन मते आहेत.

बगांचा मोबदला रोख देणारे एक घर प्रसिद्ध आहे, आणि ते कंपनीचे नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ आपल्या पुस्तकांतली प्रत्येक चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत आले. त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमधल्या बगाचे बक्षीस दुप्पट-दुप्पट होत ३२७.६८ डॉलरवर थांबले. मिळवणारे बहुधा धनादेश वटवत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावत. २००८ पासून खऱ्या धनादेशाऐवजी सॅन सेरिफ या काल्पनिक देशातल्या बँकेचे प्रमाणपत्र मिळते, तरी भिंतीवरची जागा तीच राहिली. टेकच्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला पायच्या किमतीतला एक अंक पुढे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला आणि पुढची तपासणी २०२९ साठी ठरलेली आहे. क्नुथ यांनी लिहून ठेवले आहे की आपल्या पश्चात आकडा पाय इतकाच करावा, कोडला पुन्हा कोणी हात लावू नये, आणि तोवर जे बग उरले असतील ते सोयी म्हणून गणले जावेत. लिनक्सप्रेमींना ही व्यवस्था मान्य आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की कंपन्या हेच काम हयातीत, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी करतात.